खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि मधला माणूस
शेअरबाजारातील मार्केट मेकर आणि हलाल व्यापाराची कसोटी



भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील आपल्या कुटुंबांत अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. पुणे शहर पसरत चालले आहे. धरणांच्या काठची आणि डोंगरउतारावरची जमीन विकली जात आहे. वडिलोपार्जित वावराचे रूपांतर बँकेतील रकमेत होते आणि घरातला शिकलेला मुलगा ती रक्कम शेअरबाजारात गुंतवावी असे सुचवतो. मग वडीलधारी मंडळी जुम्याच्या नमाजीनंतर थांबून विचारतात की, मौलाना, शेअर घेणे हलाल आहे काय?

प्रश्न रास्त आहे, परंतु तो अर्धाच आहे. कंपनीचा धंदा कोणता, तिच्या डोक्यावर व्याजी कर्ज किती, हे त्या प्रश्नात येते. उरलेला अर्धा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा : आपण शेअर घेतो तेव्हा समोरून विकतो कोण? आपण विकतो तेव्हा घेतो कोण? आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आपल्याकडून काय घेतो? त्या मधल्या माणसाला बाजाराच्या भाषेत मार्केट मेकर म्हणतात. त्याचे काम काय, त्याची कमाई हलाल कधी ठरते आणि हराम कधी होते, आणि त्यातून आपल्या घराने कोणता धडा घ्यावा, हे या पाठात पाहू.

तांदळाच्या पेढीवरून समजून घेऊ

आपला मुलूख भाताचा. आंबेमोहर ही या मावळपट्ट्याची जुनी ओळख, आणि आता इंद्रायणीही घरोघर पिकतो. समजा, पेठेत तांदळाची एक पेढी आहे. पेढीवाला रोज दोन भाव सांगतो. शेतकऱ्याला म्हणतो, किलोला ५५ रुपयांनी घेईन. गिऱ्हाइकाला म्हणतो, ६० रुपयांनी देईन. सुगीत एकाच आठवड्यात शंभर शेतकरी विकायला येतात आणि गिऱ्हाईक दहाच असतात, तरी तो घेतो. श्रावणात विकणारा एकही नसतो आणि घेणारे शंभर असतात, तरी तो देतो. मधले पाच रुपये ही त्याची कमाई होय. त्यातून गोदामाचे भाडे, उंदीर-किडीची तूट आणि अडकलेले भांडवल भागवायचे असते. उद्या भाव पडला तर तोटाही त्याचाच.

आता अडत्याचा विचार करा. अडत्या माल स्वतः घेत नाही. तो विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देतो आणि ठरलेली अडत घेतो. भाव पडला तरी त्याच्या पदराला खार लागत नाही. शेअरबाजारातला ब्रोकर हा या अडत्यासारखा आहे, तर मार्केट मेकर हा पेढीवाल्यासारखा. तो स्वतःच्या पैशाने शेअर घेतो, स्वतःच्या साठ्यातून विकतो आणि दिवसभर दोन्ही भाव जाहीर करीत राहतो. हा भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे.

मुंबईच्या बाजारातील जुनी परंपरा

हे काम काही आजचे नाही. मुंबईत वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ साली आपली संघटना स्थापन केली. तीच पुढे मुंबई शेअरबाजार म्हणून नावारूपास आली. त्या बाजाराच्या सभागृहात शेकडो लोक हातवारे आणि आरोळ्यांनी सौदे करीत. त्यांच्यात एक वर्ग जॉबरांचा होता. जुन्या बोलीत त्यांना तारवणीवाले म्हणत. जॉबर ठरावीक कंपन्यांच्या शेअरचा जाणकार असे. ब्रोकर त्याच्याकडे जाऊन भाव विचारी, तेव्हा आपण घ्यायला आलो आहोत की विकायला, हे तो सांगत नसे. जॉबरने एका दमात दोन्ही भाव सांगायचे आणि सांगितलेल्या भावाला जागायचे, अशी रीत होती. समोरच्याचा हेतू ठाऊक नसल्यामुळे जॉबरला दोन्ही भाव वाजवी ठेवावे लागत.

१९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजारात संगणकावर शेअरचे सौदे सुरू झाले आणि १९९५ साली मुंबई शेअरबाजारानेही बोल्ट ही संगणकप्रणाली आणली. सभागृहातल्या आरोळ्या थांबल्या. आता घेणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या मागण्या यंत्रात नोंदल्या जातात. ज्याचा भाव चांगला त्याचा क्रम आधी, आणि भाव सारखा असेल तर ज्याची नोंद आधी त्याचा क्रम आधी, या नियमाने सौदे जुळतात. मोठ्या कंपन्यांच्या शेअरना हजारो गिऱ्हाईक असतात, त्यामुळे तेथे नेमलेल्या पेढीवाल्याची गरज उरली नाही.

मार्केट मेकर आज कोठे आहे?

लहान कंपन्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. लघु व मध्यम उद्योगांसाठी मुंबई आणि राष्ट्रीय या दोन्ही शेअरबाजारांनी २०१२ साली स्वतंत्र विभाग सुरू केले. या कंपन्यांच्या शेअरना गिऱ्हाईक थोडे. विकायला जावे आणि घेणारा एकही नसावा, असे घडू शकते. म्हणून बाजाराची नियामक संस्था सेबी हिने येथे मार्केट मेकर सक्तीचा केला. शेअरची नोंदणी झाल्यापासून किमान तीन वर्षे त्याने हे काम केले पाहिजे. बाजाराच्या रोजच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के वेळ त्याने खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव दिले पाहिजेत. आरंभी विक्रीस काढलेल्या शेअरपैकी किमान ५ टक्के साठा त्याच्यापाशी असावा लागतो.

आता एक हिशेब पाहा. समजा, अशा एका शेअरचा खरेदीचा भाव ९८ रुपये आणि विक्रीचा १०२ रुपये आहे. या विभागात शेअर सुटे मिळत नाहीत, ते लॉटने घ्यावे लागतात. एक लॉट १२०० शेअरचा धरू. तुम्ही १०२ रुपयांनी घेतले तर १,२२,४०० रुपये गेले. काही अडचण आली आणि त्याच घटकेला विकले, तर ९८ रुपयांनी १,१७,६०० रुपये हाती आले. भाव जागचा हलला नाही, तरी ४,८०० रुपये कमी झाले. ही मधल्या माणसाची किंमत होय. मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये हा फरक बहुधा काही पैशांचा असतो. लहान कंपनीत तो मोठा असतो आणि तो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो.

आणखी एक गोष्ट. मार्केट मेकर भाव देण्यास बांधलेला आहे, पण तो भाव आपल्याला हवा तोच असेल असे नाही. त्याच्याकडील साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याला खरेदीचा भाव देण्यातून सूट मिळते. सगळेच विकायला धावले तर पेढीचे गोदाम भरते आणि पेढीवाला हात जोडतो. म्हणून "मार्केट मेकर आहे, कधीही विकता येईल," हे आश्वासन अर्धसत्य समजावे.

शरीयतची कसोटी

प्रथम हे स्पष्ट करू की, एका भावाने घेऊन जास्त भावाने विकणे यात मुळात काही गैर नाही. अल्लाहने व्यापार वैध केला आणि व्याज निषिद्ध केले, हे सूरह बकराच्या २७५ व्या आयतीत आले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उर्वा बारिकी (रजि.) यांना एक बकरी आणण्यासाठी एक दीनार दिला होता. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक बकरी एका दीनारला विकली आणि एक बकरी व एक दीनार घेऊन परतले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी अशी दुआ केली. ही रिवायत सहीह बुखारीत आहे. थोड्या वेळात झालेला नफा केवळ थोड्या वेळात झाला म्हणून हराम ठरत नाही, हे त्यावरून कळते.

परंतु नफ्याला काही अटी आहेत. त्या क्रमाने पाहू.

पहिली अट मालकीची. हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी विचारले होते की, गिऱ्हाईक माझ्याकडे नसलेली वस्तू मागते, तर ती आधी विकून मग बाजारातून आणून देऊ काय? प्रेषितांनी (स.) त्यांना जवळ नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली. मार्केट मेकर आपल्या खात्यात असलेल्या साठ्यातून विकतो तोवर तो या अटीत बसतो. हाती नसलेले शेअर आधी विकायचे आणि भाव पडल्यावर घ्यायचे, हा व्यवहार मात्र या मनाईखाली येतो, मग तो मार्केट मेकर करो वा आपला मुलगा मोबाईलवर करो.

दुसरी अट जबाबदारीची. ज्या वस्तूच्या तोट्याची जबाबदारी आपण उचलली नाही, तिच्यावर नफा घेणे हदीसमध्ये नाकारले आहे. पेढीवाल्याचे पाच रुपये हलाल आहेत, कारण उंदीर, कीड आणि मंदी यांचा धोका त्याच्या शिरावर आहे. आपल्या देशात २०२३ च्या जानेवारीपासून सर्व शेअरचा सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, म्हणजे शेअर तेव्हा आपल्या डीमॅट खात्यात येतात. त्यापूर्वीच ते पुन्हा विकावेत काय, याविषयी आलिमांत चर्चा आहे. अनेकांनी कब्जा मिळण्याआधी विकणे अवैध मानले आहे. म्हणून सकाळी घेऊन दुपारी विकण्याच्या मोहात न पडता, शेअर खात्यात जमा झाल्यावरच विकणे हा सावधगिरीचा मार्ग आहे.

तिसरी अट मालाच्या शुद्धतेची. दारू, जुगार किंवा व्याज यांवर चालणाऱ्या कंपनीचा शेअर कितीही सचोटीने विकला तरी हलाल होत नाही. मिश्र व्यवहाराच्या कंपन्यांसाठी आलिमांनी मर्यादा आखल्या आहेत. बहरीन येथील आयोफी या संस्थेच्या मानकात व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांहून आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावे असे म्हटले आहे, आणि तेवढेही निषिद्ध उत्पन्न दान करून टाकावे लागते. मुंबई शेअरबाजाराने २०१० साली शरीयतच्या निकषांवर निवडलेल्या ५० कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला होता. परंतु असे निर्देशांक मोठ्या कंपन्यांचे असतात. लहान कंपनीची पारख आपल्यालाच, जाणकार आलिमांना विचारून करावी लागते.

चौथी अट उघडपणाची. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओला माल वर का ठेवला नाही, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. मार्केट मेकरचे दोन्ही भाव सर्वांना दिसतात, हे या व्यवहारातील चांगले अंग आहे. पाहणे मात्र आपल्यावर आहे. कालचा भाव काय होता एवढेच न पाहता, आज घेण्याचा भाव काय, विकण्याचा काय आणि त्यांत अंतर किती, हे आधी पाहावे.

नजश : खोट्या बोलीचे पाप

आता कमाई हराम कोठे होते ते पाहू. प्रेषितांनी (स.) नजश निषिद्ध केला. नजश म्हणजे वस्तू घ्यायची नसताना इतरांना भुलवण्यासाठी भाव वाढवून बोली लावणे. शेअरबाजारात याची आधुनिक रूपे आहेत. चार-पाच खाती आपसांत एकच शेअर फिरवीत राहतात, पडद्यावर सौद्यांचा आकडा फुगतो, भाव चढतो, बाहेरच्या माणसाला वाटते की मागणी जोरात आहे. तो आत शिरला की आतले बाहेर पडतात. सेबीच्या २००३ च्या नियमावलीनेही अशा फसव्या सौद्यांना मनाई केली आहे. लहान कंपन्यांच्या विभागात गिऱ्हाईक थोडे असल्यामुळे भाव हलवणे सोपे जाते. सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये गुंतवणूकदारांना जाहीर इशारा दिला की, या विभागातील काही कंपन्या व त्यांचे प्रवर्तक आपल्या कामकाजाचे अवास्तव चित्र उभे करतात, पाठोपाठ बोनस वा शेअर-विभाजन यांसारख्या घोषणा करतात आणि चढलेल्या भावात आपले शेअर विकून मोकळे होतात.

ज्या मार्केट मेकरचे काम खरा भाव टिकवण्याचे आहे, तोच अशा खेळात सामील झाला तर पेढीवाल्यानेच तराजूत पासंग ठेवल्यासारखे होते. मापात मारणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी किती कठोर ताकीद आली आहे, हे आपण जाणता. नजशने झालेल्या विक्रीच्या वैधतेविषयी फिकहच्या पंथांत तपशिलाचे मतभेद आहेत. ते कृत्य पाप आहे याविषयी मतभेद नाही.

येथे तरुण वाचकांशी थोडे स्पष्ट बोलतो. काही जण म्हणतात, "भाव फुगवलेला आहे हे मला ठाऊक आहे, पण मी लवकर शिरून लवकर बाहेर पडेन." बाळांनो, त्या भावाने तुमच्याकडून घेणारा कोण असेल? तोही कोणत्या तरी गावचा, जमिनीचे पैसे घेऊन आलेला तुमच्यासारखाच कोणी असेल. फसवणूक ठाऊक असूनही तिचा लाभ घेणे म्हणजे तिच्यात वाटा घेणे होय. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई करून परस्पर संमतीचा व्यापार तेवढा वैध ठेवला आहे. फसलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे.

वाटेत गाठणारे

आपल्या तालुक्यांतून वरंध घाटाने आणि मढे घाटाने कोकणात उतरता येते. अशा घाटवाटांनी पूर्वी बैलांच्या पाठीवर माल ये-जा करीत असे. अरबस्थानातही काफिले माल घेऊन येत आणि काही चतुर व्यापारी शहराबाहेर जाऊन त्यांना वाटेतच गाठत. बाजारभाव ठाऊक नसलेल्या माणसाकडून ते स्वस्तात माल घेत. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली, आणि असा सौदा झालाच तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा अधिकार माल आणणाऱ्याला दिला.

आज वाटेत गाठणारे मोबाईलवर येतात. जमिनीचा व्यवहार झाल्याची बातमी फुटते आणि "पंधरा दिवसांत दुप्पट" असे सांगणारे संदेश सुरू होतात. फरक एवढाच की, येथे सौदा मोडण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणून बाजार स्वतः पाहिल्याखेरीज वाटेतल्या माणसाशी सौदा करू नये.

असाच इशारा फ्युचर्स आणि ऑप्शन्स या व्यवहारांविषयी द्यावा लागतो. बहुसंख्य आलिमांनी हे व्यवहार नाजायज ठरवले आहेत, कारण त्यांत मालाचा कब्जा घेण्याचा हेतूच नसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. समोरच्या बाजूला नफा मिळवणाऱ्या मोठ्या पेढ्या आणि परदेशी संस्था होत्या, आणि त्यांच्या नफ्याचा बहुतेक भाग संगणकीय आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून आला होता. समोर कोण उभा आहे हे न पाहता उतरणाऱ्याचे काय होते, ते या आकड्यांत दिसते.

घराने काय करावे?

पहिली गोष्ट, रक्कम कोणाची आहे ते ठरवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्या पैशात बहिणींचा, आईचा वारसाहक्काचा वाटा आहे. तो ज्याचा त्याला दिल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नये. दुसऱ्याच्या वाट्यावर मिळवलेल्या नफ्यात बरकत शोधू नका.

दुसरी गोष्ट, तोटा सोसता येईल एवढीच रक्कम लहान कंपन्यांत घाला. वावर विकून आलेला पैसा पुन्हा वावर होऊन येत नाही.

तिसरी गोष्ट, घेण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहा : कंपनीचा धंदा काय, कर्ज किती, आज घेण्याचा व विकण्याचा भाव काय, आणि मार्केट मेकरची मुदत कधी संपते. यांपैकी एकाही ओळीचे उत्तर येत नसेल, तर हात आखडता घ्या.

चौथी गोष्ट, जे कोणी दलालीच्या वा शेअरच्या व्यवसायात आहेत त्यांच्यासाठी. मदीनेतील दलालांना पूर्वी समासिरा म्हणत. प्रेषितांनी (स.) त्यांना तुज्जार, म्हणजे व्यापारी, असे अधिक चांगले नाव दिले आणि व्यापारात फोल बोलणे व शपथा मिसळतात म्हणून त्यात सदका मिसळीत जा, असा उपदेश केला. मधल्या माणसाचे काम हलके नाही. सुगीत शेतकऱ्याचा माल घेणारा आणि टंचाईत गिऱ्हाइकाला देणारा सचोटीचा पेढीवाला साऱ्या पेठेच्या उपयोगी पडतो. त्याच पेढीवाल्याने खोटी बोली लावली, तर पेठेचा भावच खोटा होतो.

घरी बसून चर्चेसाठी

१. ब्रोकर आणि मार्केट मेकर यांत फरक काय? तोट्याचा धोका कोण उचलतो?
२. खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर केव्हा हलाल कमाई ठरते?
३. फुगवलेल्या भावाचा लाभ घेऊन बाहेर पडणारा निर्दोष आहे काय?
४. आपल्या घरातील रकमेत कोणाकोणाचा वाटा आहे?

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल उपजीविका देवो, आपल्या मापात आणि बोलीत सचोटी देवो आणि आपल्या मुलाबाळांच्या वाट्याचे रक्षण करो. आमीन.